कुत्र्याला चिप्स, चीज, तळलेलं देणं : 'एवढ्याशानं काय होतंय' याला उत्तर काय?

रानजाई
नमस्कार मंडळी. आमच्याकडे बीगल आहे. नाव चिंगी, वय ६, वजन १२ किलोच्या आसपास, नसबंदी झालेली. घरात आम्ही दोघं, मुलगा आणि सासरे. सासऱ्यांचा तिच्यावर फार जीव. संध्याकाळी टीव्ही लावला की ते चिप्सचं पाकीट घेऊन बसतात आणि ही पायाशी. एक स्वतःला, एक तिला. जेवताना चीजचा तुकडा, तळलेल्या चिकनचं कुरकुरीत साल, बटर लावलेला पाव, जे असेल ते तिच्या वाटणीचं बाजूला काढून ठेवलेलं असतं.

मागच्या तपासणीत डॉक्टरांनी वजन वाढलंय म्हणून बजावलं आणि 'माणसांचा खाऊ पूर्ण बंद' असं सांगितलं. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "एवढ्याशानं काय होतंय? ती माझ्याकडे आशेनं बघते, मी कसा नाही म्हणू?"

दोन प्रश्न आहेत. एक, थोडं थोडं दिल्यानं नेमका धोका काय आणि किती? मला 'वाईट असतं' एवढंच उत्तर नकोय, कारण बाबा पुढचा प्रश्न विचारतात. दोन, त्यांचं मन न दुखवता हे थांबवायचं कसं?

वाटसरू
पाकीट लपवा. प्रश्न मिटला.

रानजाई
@वाटसरू, पाकीट सापडतंच. बाबांना नाही सापडलं तर चिंगी शोधून देते. :)

पिंगळा
रानजाई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी अनुभवावरून देतो.

आमच्याकडे छोट्या जातीचा श्नाउझर आहे. घरी मोठा जमाव होता, भाजलेलं-तळलेलं मांस भरपूर. प्रत्येक पाहुण्यानं 'एकच तुकडा' म्हणत मांसाची कापून टाकलेली चरबी त्याला दिली. कोणी किती दिली याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. प्रत्येकाच्या हिशेबी एकच तुकडा, त्याच्या पोटात मात्र वाटीभर चरबी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुढचे दोन्ही पाय लांब पसरून, छाती जमिनीला टेकवून आणि मागचा भाग वर ठेवून उभा होता. खेळायला बोलावताना कुत्री अशीच वाकतात, त्यामुळे मुलं चेंडू घेऊन धावली. पण शेपटी हलत नव्हती आणि तो त्या स्थितीतून सरकत नव्हता. पोटाला हात लावला तर पोट फळीसारखं कडक. मग उलट्या सुरू झाल्या. आधी अन्न, नंतर पिवळं पाणी, नंतर नुसता फेस. पाणी प्यायला की तेही बाहेर.

दवाखान्यात रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. स्वादुपिंडाला सूज, म्हणजे पॅनक्रियाटायटिस. सलाईन, वेदनाशामक, उलटी थांबवायचं औषध, आणि मुक्काम तिथेच. तो वाचला. आता त्याला जन्मभर कमी चरबीचंच खाणं आहे, कारण एकदा झालं की परत होण्याची भीती राहते. हे तुमच्या सासऱ्यांना वाचून दाखवा.

मोकळा_वारा
थोडा वेगळा सूर लावतो. आमच्या घरी कुत्री वाढली ती ताटातलं खाऊनच. आमचा शेरू १५ वर्षं जगला. चिप्स, बिस्किटं, चीज, सगळं खायचा. रस्त्यावरची कुत्री काय खातात? त्यांना कुठे पॅनक्रियाटायटिस होतो? हल्ली प्रत्येक गोष्टीचा बाऊ होतो. म्हाताऱ्या माणसाचा आणि कुत्र्याचा संध्याकाळचा एवढा आनंद काढून घेऊ नका.

चकोर
@मोकळा_वारा, मिठाचं काय? मी वाचलंय की चिप्समधलं मीठ कुत्र्याला विषासारखं असतं आणि त्यानं झटके येतात.

केतकी_वन
आमची लॅब्रेडॉर पाकिटाचा आवाज तिसऱ्या खोलीतून, गाढ झोपेतून ओळखते. औषधाच्या गोळीचं पाकीट उघडलं की मात्र बहिरी.

श्वानवैद्य
मी पशुवैद्य आहे, बरीच वर्षं कुत्र्या-मांजरांचंच काम करतो. इथे चरबी आणि मीठ एकत्र मिसळतंय, म्हणून दोन्हीचं वेगवेगळं सांगतो.

आधी चरबी, कारण खरा धोका तिचा. स्वादुपिंड पचनाचे पाचकरस बनवतं. ते रस तिथे निष्क्रिय अवस्थेत असतात आणि आतड्यात पोचल्यावर कामाला लागतात. पॅनक्रियाटायटिसमध्ये ते स्वादुपिंडातच जागे होतात आणि त्या अवयवालाच पचवायला लागतात. वेदना भयंकर असते. पिंगळा यांनी सांगितलेली छाती खाली, मागचा भाग वर ही स्थिती त्या पोटदुखीचीच खूण. प्रत्येक कुत्र्यात ती दिसत नाही. कित्येकदा नुसतं न खाणं, सुस्ती, कण्हणं आणि उलट्या एवढंच दिसतं. सौम्य असेल तर थोडक्यात निभावतं, तीव्र असेल तर मूत्रपिंडं निकामी होऊन कुत्रा दगावू शकतो. वारंवार झालं तर स्वादुपिंड कायमचं दुबळं होतं आणि पुढे मधुमेह होऊ शकतो, नाहीतर अन्नच पचेनासं होतं.

@मोकळा_वारा, तुमचा शेरू १५ वर्षं जगला यावर माझा पूर्ण विश्वास आहे. चरबी खाणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला हा आजार होत नाही. छोटे श्नाउझर, ज्यांच्या रक्तात मुळातच चरबीचं प्रमाण जास्त असतं, लठ्ठ कुत्री, मधुमेह किंवा थायरॉईडचा त्रास असलेली, यांना धोका जास्त. पण आपला कुत्रा कोणत्या गटातला हे हा आजार पहिल्यांदा होण्याआधी बहुतेक घरांना कळत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांचं म्हणाल तर त्यांना आजार होतो की नाही हे बघायला त्यांची सोनोग्राफी कोण करतं? पोट दुखणारं कुत्रं आडोशाला जाऊन पडतं आणि आपल्याला चालती-फिरती तेवढीच दिसतात.

मिठावर सविस्तर लिहितो, एक पेशंट आलाय.

मोकळा_वारा
हा मुद्दा मान्य. आडोशाला जाणाऱ्यांचा विचार मी केला नव्हता. पण 'पूर्ण बंद' हे अजूनही पटत नाही.

अंजनी
मला एक सांगा, कुत्री अशी का बघतात? आमचा भुवया वर करून असा काही चेहरा करतो की हातातला घास आपोआप खाली जातो.

दिठी
@अंजनी, त्याला कारण आहे. २०१९ मध्ये कुत्रे आणि लांडगे यांच्या चेहऱ्याच्या स्नायूंची तुलना प्रसिद्ध झाली होती. डोळ्याची आतली भुवई वर उचलणारा स्नायू कुत्र्यांत ठळक आढळला, लांडग्यांत तो नीटसा नव्हताच. माणसाच्या सहवासात हजारो वर्षं राहून ही नजर घडलीय. तेव्हा नजर खरी आहे, पण तिचा अर्थ दर वेळी 'भूक' असा नसतो.

केतकी_वन यांच्या लॅबसाठीही एक माहिती. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना लॅब्रेडॉरमध्ये पॉम्क नावाच्या जनुकातला एक दोष सापडला. साधारण चारातल्या एका लॅबमध्ये तो असतो. अशा कुत्र्याला पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही, तो खाण्यासाठी जास्त मागे लागतो आणि त्याचं वजनही वाढतं. त्यामुळे 'मागतोय म्हणजे उपाशी आहे' हा हिशेब लॅबच्या बाबतीत तर अजिबात धरू नये.

केतकी_वन
बापरे. आमची नक्कीच त्या चारातली एक.

श्वानवैद्य
आता मीठ. @चकोर, झटक्यांची गोष्ट खरी आहे, पण प्रमाण बघा. कुत्र्यात मिठाच्या विषबाधेची लक्षणं साधारण किलोमागे २ ग्रॅम मीठ पोटात गेलं की दिसतात, ४ ग्रॅमच्या आसपास जीव जाऊ शकतो. चिंगीचं वजन १२ किलो, म्हणजे २४ ग्रॅम मीठ. १०० ग्रॅम चिप्समध्ये साधारण सव्वा ते दीड ग्रॅम मीठ असतं. तेवढं मीठ जायला तिला दीड किलोच्या वर चिप्स खावे लागतील. तेव्हा दोन-चार चिप्सनं झटके येतील असं घरच्यांना सांगू नका. त्यांनी एकदा देऊन पाहिले आणि काही झालं नाही, की तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

मग मिठाचा प्रश्न कुणाला? ज्यांचं हृदय किंवा मूत्रपिंड दुबळं आहे त्यांना. छोट्या जातींत उतारवयात हृदयाच्या झडपेचा आजार फार दिसतो. अशा कुत्र्याच्या शरीरात मिठातलं जास्तीचं सोडियम पाणी धरून ठेवतं आणि फुप्फुसात पाणी भरू शकतं. १० किलोच्या निरोगी कुत्र्याची रोजची सोडियमची गरज १२० मिलिग्रॅमच्या घरात असते. ३० ग्रॅम चिप्समध्येच साधारण १५० मिलिग्रॅम निघतं, आणि त्याच्या नेहमीच्या खाण्यातलं वेगळं. आपण घामावाटे मीठ घालवतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंज्यांच्या तळव्यांना, बाकी काम धापा टाकून चालतं. त्यामुळे 'उन्हाळा आहे, खारट दे' या सल्ल्यात अर्थ नाही.

मिठाची खरी विषबाधा मी पाहिली ती इतर कारणांनी. घरी मुलांसाठी मीठ-कणकेचा खेळायचा गोळा करतात, तो कुत्र्यानं गिळला. किंवा समुद्रावर तहानेनं खारं पाणी पीत राहिला. सुरुवातीला उलटी, खूप तहान, मग दारू प्यायल्यासारखी चाल, थरथर, झटके. रक्तातलं सोडियम वाढलं की मेंदूच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. उपचारही जपून करावा लागतो, सोडियम फार भरभर खाली आणलं तर मेंदूला उलट सूज येते.

सोनचाफा
तातडीचं आहे, कुणीतरी उत्तर द्या. हा धागा वाचता वाचताच उठून पाहिलं तर आमच्या पिल्लानं टेबलावरचं चिप्सचं मोठं पाकीट फस्त केलंय. वजन ७ किलो. नवरा म्हणतोय मिठाचं पाणी पाजून उलटी करवूया. करू का?

पिंगळा
नाही!! मीठ अजिबात नको. डॉक्टर येतीलच, तोवर तुमच्या पशुवैद्यांना फोन लावा.

श्वानवैद्य
सोनचाफा, मिठाचं पाणी पाजू नका. ७ किलोच्या पिल्लाला १४ ग्रॅम मीठ पुरेसं घातक, आणि मोठा चमचाभर मीठ त्याहून जास्त भरतं. चिप्सनं जे होणार नाही ते त्या पाण्यानं होईल. घरी कोणत्याच उपायानं उलटी करवू नका. ताजं पाणी समोर ठेवा, हवं तसं थोडं थोडं पिऊ द्या.

पाकिटाचा कागद किती उरलाय? तुकडा गायब असेल तर आतडं अडू शकतं. आणि पाकिटावर घटकांची यादी वाचा. कांद्याची किंवा लसणाची पूड लिहिली आहे का?

सोनचाफा
कागद पूर्ण आहे, चाटून लख्ख केलाय फक्त. यादीत दोन्ही आहेत, कांदा पूड, लसूण पूड. आमच्या डॉक्टरांना फोन लावलाय, ते लगेच घेऊन या म्हणतात. निघतोय.

चकोर
कांदा पूड एवढी महत्त्वाची का? चवीपुरती तर असते.

श्वानवैद्य
@चकोर, कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवून, तळून, वाळवून ती नाहीशी होत नाहीत. ताज्या कांद्याचं प्रमाण किलोमागे १५ ते ३० ग्रॅमच्या पुढे गेलं की रक्तात बदल दिसतात. पुडीत पाणी उडालेलं असल्यामुळे तेच द्रव्य थोडक्यात एकवटलेलं असतं. एका पाकिटात बहुधा तेवढं भरत नाही. पण मसालेदार चव रोज थोडी थोडी पोटात जात असेल, किंवा कुत्रा अगदी छोटा असेल, तर दुर्लक्ष करू नये. घोळ असा की परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो. हिरड्या फिकट पडणं, लघवी लालसर किंवा तपकिरी होणं, थोडं चाललं तरी दम लागणं. तोवर घरचे पाकीट विसरलेले असतात.

अंजनी
पाकिटावरून आठवलं, थोडं अवांतर पण सांगायलाच हवं. चिप्सच्या पाकिटानं कुत्री गुदमरून मरतात. माझ्या मैत्रिणीकडे असं झालं. कुत्रा तळाचा चुरा चाटायला डोकं आत घालतो. श्वास घेतला की पातळ प्लास्टिक नाकातोंडाला घट्ट बसतं, पंज्यानं ते ओढून काढता येत नाही. आतली हवा काही मिनिटांत संपते. घरात माणसं असून कळत नाही, कारण तो भुंकू शकत नाही. तिचा कुत्रा तरुण होता, धडधाकट होता. तेव्हापासून आमच्या घरात पाकीट रिकामं झालं की दोन बाजूंनी कापून सपाट करायचं आणि मगच झाकणाच्या कचरापेटीत टाकायचं. चिप्स थेट पाकिटातून खायचेच नाहीत, वाडग्यात काढायचे.

दिठी
अंजनी, हे अवांतर नाही. बिस्किटांच्या आणि कुत्र्यांच्याच खाऊच्या पिशव्यांनाही हेच लागू.

वाटसरू
मी वर 'पाकीट लपवा' गमतीत लिहिलं होतं. आता गंभीरपणे लिहितो, पाकीट कापा.

तळ्याकाठी
तळलेल्या चिकनसोबतची हाडंही लक्षात ठेवा. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार फुटतं. आणि खारवलेला सुकामेवा देत असाल तर त्यात मॅकाडेमिया नाहीत ना, बेदाणे नाहीत ना, ते बघा. मॅकाडेमियानं मागच्या पायांतला जोर जातो, बेदाण्यानं मूत्रपिंडं जाऊ शकतात. पीनट बटर देताना झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ नाही याची खात्री करा. त्यानं रक्तातली साखर झपाट्यानं उतरते, यकृतही निकामी होऊ शकतं.

मोकळा_वारा
सगळं वाचतोय. माझा मुद्दा आनंदाचा होता. कुत्र्याचं आयुष्य लहान, त्यात त्याला आवडतं ते मिळावं, एवढंच.

दिठी
@मोकळा_वारा, ते आयुष्य लहान म्हणूनच एक अभ्यास सांगते, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला. ४८ लॅब्रेडॉर, एकाच विणीतल्या जोड्या करून जन्मभर पाहिले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. बेतानं खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं भरलं, भरपूर खाणाऱ्यांचं ११.२. शिवाय बेतानं खाणाऱ्यांना सांधेदुखी उशिरा सुरू झाली. जवळपास दोन वर्षं जास्त, तीही चालता-फिरता.

मोकळा_वारा
दोन वर्षं म्हणजे खूप झाली. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

श्वानवैद्य
चिंगीचा हिशेब मांडून देतो, रानजाईंना बाबांसमोर ठेवता येईल. १२ किलोच्या, नसबंदी झालेल्या कुत्रीला दिवसाला साधारण ६०० ते ७०० कॅलरी लागतात. वरखाऊ त्याच्या दहाव्या हिश्शात बसवायचा, म्हणजे ६०-७० कॅलरी. ३० ग्रॅम चिप्स म्हणजे १६० कॅलरी, तिच्या दिवसाचा चौथा हिस्सा. त्यावर चीज आणि साल आलं की ती रोज दीड दिवसाचं जेवतेय. चिप्समध्ये तिसरा हिस्सा निव्वळ तेल असतं. बीगलला पाठीच्या मणक्यांचा त्रास होतो, जादा वजन त्यात भर घालतं.

रानजाई
डॉक्टर, मनापासून आभार. मला असंच आकड्यांत हवं होतं. पण दुसरा प्रश्न अजून लटकलाय. बाबांच्या हातून काढून घ्यायचं कसं?

पिंगळा
काढून घेऊ नका, हातात दुसरं काही द्या. आमच्या आईसाठी आम्ही एक झाकणाचा डबा केला. कुत्र्याच्या दिवसाच्या खाण्यातला थोडा भाग सकाळीच मोजून त्यात काढतो, सोबत गाजराचे तुकडे, काकडी, कधी बिनमिठाचं उकडलेलं चिकन, कातडी काढून. डबा आईच्या ताब्यात. रात्रीपर्यंत तिनं हवं तेव्हा, हवं तितक्या वेळा द्यायचं. डबा संपला की संपला. देणारा हात तिचाच राहिला, त्यामुळे भांडण झालंच नाही.

अंजनी
+१. शिवाय कुत्र्याला चिप्सपेक्षा 'मिळालं' याचं सुख जास्त असतं. एका गाजराचे बारीक दहा तुकडे केले तर त्याला दहा वेळा मिळतं.

तळ्याकाठी
एक सावधगिरी. बंद केल्यावर सुरुवातीला चिंगी जास्त मागेल, भुंकेल, पंजा मारेल. बाबांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटेल तिचे हाल होतायत. मागण्यानं कधीतरी मिळतं हे एकदा कुत्र्याला कळलं की ते चिकाटी सोडत नाही. घरातल्या प्रत्येकानं एकच नियम पाळला तरच थांबतं. मुलालाही त्यात घ्या.

सोनचाफा
पिल्लू ठीक आहे! दवाखान्यात औषधानं उलटी करवली, बरेचसे चिप्स निघाले. रक्त घेतलंय, काही दिवसांनी परत तपासणार आहेत. कमी चरबीचं खाणं आणि हिरड्यांच्या रंगावर लक्ष ठेवायला सांगितलंय. पिंगळा आणि डॉक्टर, तुम्ही दोघांनी वेळेवर अडवलंत, नाहीतर मिठाचं पाणी ग्लासात तयार होतं.

केतकी_वन
हुश्श! छान बातमी.

रानजाई
सोनचाफा, वाचून बरं वाटलं. आमच्याकडचं सांगते. बाबांना धागा वाचायला दिला, चष्मा लावून सगळा वाचला. मिठाच्या हिशेबावर "बघ, मी म्हणत होतो" म्हणाले. पिंगळांच्या पोस्टवर मात्र थांबले. छाती खाली, मागचा भाग वर असं चिंगीनं कधी केलं होतं का, हे दोनदा विचारलं. डबा आजपासून त्यांच्याकडे आहे. त्यांचा प्रश्न असा आहे की पॉपकॉर्न चालतील का, कारण टीव्हीसमोर दोघांनी एकच खायचं हा त्यांचा आग्रह कायम आहे.

श्वानवैद्य
चालतील. नुसत्या गरम हवेवर फुलवलेले, तेल, बटर, मीठ काहीही नसलेले, आणि न फुललेले दाणे वेचून काढलेले. ते दाणे घशात अडकतात, दातही मोडतो. मूठभर पुरे, आणि तेवढं डब्यातलं कमी करायचं. काकडी मात्र दोघांनाही हवी तेवढी चालेल.